दत्तक राजाची चित्रं

1875च्या उन्हाळ्यात बडोद्याची गादी रिकामी होती. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी एप्रिलमध्ये पदच्युत करून मद्रासला धाडलं होतं. आदल्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडली होती आणि संशयाची सुई थेट महाराजांकडे वळली होती. चौकशीला सहा जण बसले, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. इंग्रजांना महाराज दोषी वाटले. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना तसं वाटलं नाही. निकाल तीनास तीन. तेव्हा सरकारने विषाचं प्रकरण बाजूला ठेवलं, गैरकारभाराचं कारण पुढे केलं आणि राजा काढायचा तो काढलाच.

आता गादीवर बसवायचं कोणाला, हा प्रश्न एका विधवेच्या दारात येऊन ठेपला. जमनाबाई म्हणजे मल्हाररावांचे थोरले भाऊ खंडेराव यांच्या राणी. 1870च्या नोव्हेंबरात खंडेराव वारले तेव्हा त्या गरोदर होत्या. भावाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पाद्र्याला कैदेत असलेल्या मल्हाररावांना बाहेर काढून राज्य दिलं गेलं, पण एका अटीवर: जमनाबाईंना मुलगा झाला तर गादी सोडायची. पुढच्या जुलैत मुलगी झाली, ताराराजा. मल्हाररावांचा जीव भांड्यात पडला. जमनाबाई मात्र जिवाच्या भीतीने पुण्याला निघून गेल्या. चार वर्षांनी त्याच इंग्रजांनी त्यांना मानाने परत आणलं आणि दत्तक घेण्याचा अधिकार दिला.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी गायकवाडांची एक शाखा शेती करून राहत होती. तिथून काही मुलं बडोद्याला आणली गेली. इथे का आणलंय ठाऊक आहे का, असं विचारल्यावर बाकीची गोंधळली आणि बारा वर्षांचा गोपाळ उत्तरला की राजा व्हायला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण एवढं मोठं राज्य हजरजबाबीपणावर चालत नाही. 27 मे 1875 रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले, ते कागदावर. हा मुलगा खरोखरच राजा आहे हे इंग्रजांना, सरदारांना, शेजारच्या संस्थानिकांना आणि बडोद्याच्या रयतेला पटायचं अजून बाकी होतं. ते पटवण्यासाठी जी साधनं वापरली गेली त्यांत शिक्षक होता, सोयरीक होती, दिल्लीचा दरबार होता. आणि एक चित्रकारही होता.

बडोद्याच्या संग्रहालयांत टांगलेली गायकवाडांची व्यक्तिचित्रं बघताना हा संदर्भ मनात असला तर ती वेगळी दिसू लागतात. राजवाड्यात राजांची चित्रं असायचीच, असं म्हणून आपण पुढे सरकतो. पण ही चित्रं भिंत सजवायला काढलेली नाहीत. खलित्यावर शिक्का असतो त्या जातीचं त्यांचं काम आहे.

मुलाला घडवायची जबाबदारी एलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे आली, आणि राज्य सांभाळायची जबाबदारी दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे. हे माधवराव मराठी वाचकाने ओळखून असावेत असे गृहस्थ आहेत. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत गेलेल्या देशस्थ ब्राह्मणांच्या वंशातले, कुंभकोणमचा जन्म, त्रावणकोरची दिवाणगिरी गाजवून, मधे इंदूरला होळकरांकडे राहून ते 1875मध्ये बडोद्याला आले. त्यांच्याआधी थोडे दिवस त्याच खुर्चीवर दादाभाई नौरोजी बसले होते आणि मल्हाररावांच्या दरबाराला कंटाळून निघून गेले होते. माधवरावांच्या वाट्याला अल्पवयीन राजा आला, त्यामुळे त्यांना हात मोकळे मिळाले.

त्रावणकोरच्या दिवसांपासून माधवरावांना रविवर्मा ठाऊक होते. किलिमानूरच्या घराण्यातला हा तरुण, मामाकडून तंजावर पद्धतीची चित्रकला शिकलेला. 1868मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा एक युरोपियन चित्रकार त्रावणकोरच्या राजघराण्याची चित्रं काढायला आला. तो तैलरंगाचं तंत्र शिकवायला तयार नव्हता. काम करताना बघू देई, एवढंच. रविवर्म्यांनी बघूनच घेतलं. हे वाचताना मला नेहमी आपल्याकडच्या गाणाऱ्यांच्या कथा आठवतात, दाराआड बसून ऐकून शिकलेल्या शिष्यांच्या. फरक असा, की तैलरंगात नुसतं बघून भागत नाही. रंग किती पातळ करायचा, खालचा थर वाळायला किती दिवस थांबायचं, हे चुकतमाकतच कळतं.

28 डिसेंबर 1881 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या हस्ते सयाजीरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. त्या समारंभाच्या निमित्ताने माधवरावांनी रविवर्म्यांना बडोद्याला बोलावून घेतलं. धाकटे बंधू राजराजवर्माही बरोबर होते. मंडळी काही महिने राहिली आणि महाराजांचं, राजपरिवाराचं चित्रण करून गेली. चित्रकार तेहेतीस वर्षांचा, राजा अठरा वर्षांचा.

तैलरंगात राजा रंगवणं मराठी दरबारांना अगदी नवं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात बसून सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली होती. आधीची दरबारी रीत मात्र निराळी. लघुचित्रातला राजा बाजूने दिसतो, एक डोळा, एक कान, हातात फूल किंवा तलवार; चेहऱ्यापेक्षा त्याचा दर्जा आणि डौल महत्त्वाचा. तैलचित्रातला माणूस समोर वळतो, त्याच्या अंगावर एका बाजूने उजेड पडतो आणि दुसऱ्या बाजूला सावली. त्याच्या गालाला मांस येतं. इंग्रजी राणीचं चित्र ज्या पद्धतीने रेसिडेन्सीत टांगलेलं असे, त्याच पद्धतीने आपला राजा टांगला जाणं याला 1881मध्ये राजकीय वजन होतं. ते काम साहेबाकडून करून न घेता त्रावणकोरच्या माणसाकडून करून घेतलं, याचं श्रेय माधवरावांच्या हुशारीला दिलं पाहिजे. अर्थात साहेब चित्रकार महागात पडला असता, हाही विचार दिवाणाने केला असणारच.

रविवर्म्यांच्या बडोद्यातल्या कामाचा मोठा भाग आज महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, मोतीबागेत, राजघराण्यातल्या मुलांसाठी बांधलेल्या शाळेच्या इमारतीत हे संग्रहालय सयाजीरावांचे पणतू फत्तेसिंहराव गायकवाड यांनी 1961मध्ये सुरू केलं. मुलांना वाड्यातून शाळेत न्यायला आवारात छोटी आगगाडी होती. अशा ठिकाणी पणजोबा-पणजीच्या चित्रांना घर मिळालं, हे बरंच झालं. राजवाड्याच्या दालनात तीच चित्रं झुंबरांशी आणि आरशांशी स्पर्धा करत राहिली असती.

अशा चित्रापुढे आधी हातभर अंतरावर उभं राहावं. गळ्यातला मोती इथून मोती नसतोच. करड्या-तपकिरी रंगाचा गोल ठिपका, त्याच्या एका कडेला किंचित फिका अर्धचंद्र आणि त्यावर टेकवलेलं पांढऱ्या रंगाचं एकच टिंब. काठाची जरही जर नसते. पिवळ्या मातीच्या रंगाचे आडवे फटकारे आणि मधे मधे गडद फटी. तंजावरच्या चित्रात खरा सोन्याचा वर्ख चिकटवतात, खडे बसवतात. रविवर्मा त्याच परंपरेत वाढले आणि त्यांनी सोनं रंगाने करून दाखवलं. मग सहा पावलं मागे यावं. तपकिरी ठिपक्यांचा पाणीदार सर होतो, फटकाऱ्यांची पैठणी होते. दरबाराला नेमकं हेच हवं होतं. खंडेरावांनी ब्राझीलच्या खाणीतला ‘स्टार ऑफ द साउथ’ हिरा विकत घेतला होता, मदिनेसाठी मोत्यांची चादर करवली होती. खंडेराव आणि मल्हारराव या दोन्ही भावांनी सोन्याचांदीच्या तोफा ओतून घेतल्या होत्या. ती संपत्ती आता या पोराच्या अंगावर शोभते, ती त्याचीच आहे, हे सिद्ध करणारा पुरावा म्हणजे तो एकेक ठिपका.

चेहऱ्याकडे यायला मी मुद्दाम उशीर केला, कारण तिथे पुरावा थोडा डळमळतो. रविवर्मा वस्त्रालंकारात जितके निःशंक आहेत तितके चेहऱ्यात नाहीत. पौराणिक चित्रांत त्यांच्या नायिका एकमेकींच्या बहिणी वाटतात. व्यक्तिचित्रांत सारखेपणाची ही खोड त्यांना आवरावी लागते आणि ओढाताण दिसते. पण कधी कधी ही ओढाताणच चित्राला वाचवते. वीस वर्षांच्या आतल्या राजाच्या तोंडावर रुबाब चढवायचा असतो, आणि चित्रकाराच्या समोर मात्र सहा वर्षांपूर्वी शेतातून उचलून आणलेला, अक्षरओळखीपासून सुरुवात करून मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी घोकत आलेला मुलगा बसलेला असतो.

राजाची सोयरीकही माधवरावांच्या काळातली. 1880च्या जानेवारीत सयाजीरावांचं लग्न झालं ते तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी. लग्नानंतर त्या चिमणाबाई झाल्या. कवळाण्याचा मुलगा आणि तंजावरची मुलगी. दोघांची मायबोली मराठी, पण मधे शेकडो मैलांचं अंतर. वधूबरोबर आंदणात तंजावरच्या नर्तकी आल्या, त्यांचे गुरू आणि वादक आले. गौरा आणि कांतिमती ही त्यांतली नावं आजही नृत्याच्या इतिहासात घेतली जातात. दरबाराच्या कलावंत कारखान्यात त्यांची नेमणूक झाली आणि आज आपण ज्याला भरतनाट्यम म्हणतो ते नृत्य गुजरातच्या एका शहरात पोटापाण्याला लागलं. बडोद्यात संगीत शिकवणाऱ्या आजच्या विद्यापीठ विभागाच्या वंशवेलीत हा आंदणाचा धागा आहे.

पहिल्या चिमणाबाईंचं आयुष्य अगदी थोडं. लग्नाला साडेपाच वर्षंही झाली नव्हती तोवर 1885च्या मे महिन्यात क्षयाने त्या गेल्या. मागे दोन वर्षांचा फत्तेसिंगराव. रविवर्म्यांनी काढलेलं त्यांचं चित्र त्यामुळे एका वेगळ्याच कामाला लागलं. राजपत्नीचा मान दाखवायला काढलेलं चित्र तिचं मुखदर्शन होऊन बसलं. राजाने बायकोची आठवण चित्रापुरती ठेवली नाही. न्यायमंदिर म्हणून पुढे गाजलेली इमारत मुळात तिच्या नावाचा बाजार म्हणून बांधली होती. मोझेकच्या त्या दालनात तिचा संगमरवरी पुतळा आहे. भाजी विकायला बांधलेल्या जागेत पुढे अनेक दशकं खटले चालले, आणि पक्षकार, वकील, पट्टेवाले या तरुण राणीच्या समोरून ये-जा करत राहिले. रावपुऱ्यातला घड्याळाचा मनोराही 1896चा, तोही चिमणाबाईंच्याच नावाचा. बडोदेकर त्याला नुसतं टॉवर म्हणतात.

दुसऱ्या राणी देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई. नाव पुन्हा चिमणाबाईच ठेवलं. इतिहासाच्या अभ्यासकांना यामुळे जो मनस्ताप झाला आहे त्याची भरपाई कोण देणार! एका चिमणाबाईचं श्रेय दुसरीला देणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. या दुसऱ्या चिमणाबाई त्र्याहत्तर वर्षं गायकवाडांच्या घराण्यात वावरल्या, 1958मध्ये वारल्या. सुरुवात पडद्यात. पुढे नवऱ्याबरोबर युरोप, अमेरिका, जपान पाहिलं, 1911मध्ये एस. एम. मित्रा यांच्या जोडीने भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, काही वर्षांनी पडदा टाकून दिला आणि 1927च्या जानेवारीत पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं. लेक इंदिरा त्यांच्या वरताण निघाली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न तिने स्वतः मोडलं आणि कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी 1913मध्ये लंडनला लग्न केलं. आईवडील लग्नाला नव्हते. अशी बाई एका तैलचित्रात मावत नाही. तिचा शोध छायाचित्रांतून घ्यावा लागतो, कारण तोवर कॅमेऱ्याने राजवाड्यात चांगलंच बस्तान बसवलं होतं. रविवर्मा बंधूही फोटो समोर ठेवून तैलचित्रं करू लागले होते.

बडोदा आणि रविवर्मा म्हटलं की व्यक्तिचित्रांआधी लोकांना आठवतात ती पौराणिक चित्रं. नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी सयाजीरावांनी 1888मध्ये चौदा चित्रांचं काम दिलं, मोबदला पन्नास हजार रुपये. नल-दमयंती, शंतनू आणि गंगा, हरिश्चंद्र-तारामती, अर्जुन-सुभद्रा. चित्रं वाड्यात जाण्याआधी ती सर्वांना बघायला खुली ठेवली आणि लोक लोटले. माधवरावांनी पूर्वीच रविवर्म्यांना सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे तर युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्या. 1894मध्ये गिरगावात छापखाना निघाला तेव्हा त्यातून बाहेर पडलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथे बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला एक तरुण काही काळ कामाला होता: धुंडिराज गोविंद फाळके.

फाळक्यांमुळे चित्रपटाचा विषय निघालाच आहे तर सयाजीरावांची सर्वांत खरी प्रतिमा कोणती, या प्रश्नाचं माझं उत्तर सांगून टाकतो. ती रविवर्म्यांची नाही. 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्लीत पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यापुढे संस्थानिकांनी एकेक करून मुजऱ्याला जायचं होतं. तीनदा वाकायचं, मग पाठ न दाखवता उलट पावली मागे सरकायचं, असा शिरस्ता. सयाजीरावांनी बहुतेक दागिने आधीच उतरवून ठेवले होते. ते हातातली छडी घेऊन गेले, एकदाच वाकले, वळले आणि सरळ पाठ करून चालू लागले. कॅमेरे फिरत होते. ती फीत लंडनला पडद्यावर दाखवली गेली आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी राजद्रोहाचा गवगवा केला. महाराजांनी व्हाइसरॉयला दिलगिरीचं पत्र लिहिलं, गडबडीत चूक झाली असं म्हटलं. चूक की जाणूनबुजून, यावर तेव्हापासून वाद आहे. मला एवढंच दिसतं की 1881मध्ये ज्या माणसाला दागिने चढवून चित्रापुढे बसवलं होतं, त्याला तीस वर्षांनी दागिन्यांवाचून आपण राजे आहोत याची खात्री वाटू लागली होती.

त्या आधी चार वर्षं, राज्याच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, प्रजेने वर्गणी काढून त्यांचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा उभारला. सयाजीबागेसमोरचा हा पुतळा फ्रान्सिस डर्वेन्ट वुड या इंग्रज शिल्पकाराचा. लोक त्या चौकाला काळा घोडा म्हणतात. मुंबईचा काळा घोडा एडवर्डचा, बडोद्याचा सयाजीरावांचा. दोन्हीकडे घोड्याने स्वाराला खाऊन टाकलं. मुंबईत तर स्वारासकट घोडा 1965मध्ये राणीच्या बागेत गेला आणि नाव तिथेच राहिलं. वुड यांचं पुढचं आयुष्य मात्र सांगण्याजोगं आहे. पहिल्या महायुद्धात तोंडावर गोळ्या-छर्रे लागून विद्रूप झालेल्या सैनिकांसाठी त्यांनी लंडनच्या लष्करी इस्पितळात पातळ पत्र्याचे मुखवटे केले. जखमेआधीचा फोटो समोर ठेवून नाक, गाल, भुवया घडवायच्या, कातडीच्या रंगात रंगवायच्या. राजाचा चेहरा घडवणारा हात शेवटी चेहरा गमावलेल्यांच्या कामी आला.

सयाजीबागेतल्या बडोदा संग्रहालयाच्या चित्रदालनाचं थोडक्यात सांगतो. इमारत 1914मध्ये तयार झाली, युरोपातून घ्यायची चित्रं मॅरियन स्पीलमन या कलासमीक्षकाने निवडली, पण महायुद्ध आड आलं आणि दालन 1921मध्ये उघडलं. तिथे युरोपातले सरदार, बायका, धर्मगुरू भिंतीवरून आपल्याकडे बघतात. त्यांच्याशी आपली काही ओळख नाही. राजाला आपल्या रयतेला जगाची चित्रं दाखवायची होती, हे त्यामागचं मोठेपण. पण प्रेक्षक तिथून निघतात ते मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या देवमाशाच्या सांगाड्याकडे.

आता जे दरबाराच्या भिंतीवर नाहीत त्यांच्याविषयी. लंडनमध्ये 1856मध्ये राष्ट्रीय व्यक्तिचित्र-संग्रहालय स्थापन झालं तेव्हा तत्त्व ठरलं होतं की चित्र कसं काढलंय याला दुय्यम महत्त्व, कोणाचं काढलंय याला पहिलं. शिवाय माणूस मरून दहा वर्षं झालेली असली पाहिजेत. राजा-राणी तेवढे अपवाद. हा नियम 1969पर्यंत टिकला. कीर्ती ओसरते की राहते हे पाहायला दहा वर्षं पुरेशी आहेत, असा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे व्यक्तिचित्रांचं असं वेगळं राष्ट्रीय दालन झालं नाही. त्यातल्या त्यात जवळचं ठिकाण म्हणजे जुन्या संसदेचा सेंट्रल हॉल.

सेंट्रल हॉलच्या भिंतीवर बडोद्याला नोकरी करून गेलेली माणसं भेटतात. दादाभाई आहेत. डॉ. आंबेडकर आहेत; झेबा अमरोहवी यांनी काढलेलं त्यांचं चित्र तिथे एप्रिल 1990मध्ये लागलं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, करारानुसार 1917च्या सप्टेंबरात बडोद्याला रुजू झाले आणि राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका विश्रामगृहात नाव लपवून राहिले, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. अवघ्या काही दिवसांत त्यांनी बडोदं सोडलं. ज्या राज्याने त्यांना शिकवलं त्याच राज्याच्या राजधानीने त्यांना छप्पर नाकारलं. अशा गोष्टी दरबारी चित्रांच्या चौकटीत येत नाहीत. तिथे येण्यासाठी दरबारात स्थान लागतं, आणि तेव्हाचं त्यांचं स्थान कचेरीतही धड नव्हतं. शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत.

मल्हाररावांचं तरी काय? मद्रासला 1882मध्ये ते वारले. सयाजीरावांना अधिकार मिळाले, रविवर्म्यांनी चित्रं काढली, त्याच्या पाठोपाठच. राज्य त्यांचं, खजिना त्यांचा, तोफा त्यांच्या. चेहरा नव्या राजाचा.

1949मध्ये बडोद्यात सयाजीरावांच्या नावाचं विद्यापीठ झालं आणि पुढच्याच वर्षी त्यात ललितकला शाखा निघाली. चित्रकला विभागाची घडी नारायण श्रीधर बेंद्रे या इंदूरच्या मराठी चित्रकाराने बसवली. या शाखेच्या ओढीने 1962मध्ये मुंबईहून एक गुजराती चार्टर्ड अकाउंटंट बडोद्याला आला. भूपेन खक्कर. पोटासाठी एका कारखान्यात हिशेब तपासायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची. पहिल्यापहिल्यांदा त्याने बाजारातल्या देवादिकांच्या छापील तसबिरी कापून कोलाज केले, म्हणजे रविवर्म्यांच्या छापखान्याने घरोघर पोचवलेल्या परंपरेला कात्री लावली. मग 1970 नंतर तो माणसांकडे वळला. न्हावी, शिंपी, घड्याळजी.

‘जनता वॉच रिपेअरिंग’, 1972. टेबलाशी बसलेला घड्याळजी, भोवती घड्याळंच घड्याळं. जुन्या कंपनी चित्रांत साहेबलोकांसाठी ‘हिंदुस्थानातले धंदे’ म्हणून कुंभार, भिस्ती, सुतार रंगवले जात, त्या मांडणीची यात नक्कल आहे. फरक इतकाच की हा घड्याळजी कोणा साहेबाच्या अल्बमासाठी बसलेला नाही. चेहरा गंभीर, अंग ताठ, रविवर्म्यांपुढे संस्थानिक बसत त्याच मानाने तो बसला आहे. दागिन्यांच्या जागी अवजारं. ‘डीलक्स टेलर्स’ही त्याच वर्षीचं. चित्रांची नावं दुकानांची आहेत, माणसांची नाहीत. पाटीवर जे असतं तेच.

कोणाचं चित्र काढायचं हे बडोद्यात पाऊणशे वर्षं दरबाराने ठरवलं होतं. ते ठरवणं खक्करने स्वतःकडे घेतलं आणि कोणाला विचारलंही नाही. समीक्षकांना सुरुवातीला ही चित्रं बाजारू वाटली. त्याला त्याचं वाईट वाटलं नसावं, कारण बाजाराच्या रंगांवर त्याचा मनापासून जीव होता: दुकानाच्या फळीचा निळा, कॅलेंडरचा गुलाबी.

गंमत पुढेच आहे. 1995मध्ये याच खक्करने सलमान रश्दींचं चित्र काढलं. रश्दींच्या त्या वर्षीच्या कादंबरीतला हिशेबनीस-चित्रकार खक्करवरूनच बेतलेला, तेव्हा ही एका अर्थाने परतफेड. चित्राचं नावही कादंबरीवरून, ‘द मूर’. लेखकाच्या अंगात आरपार दिसणारा शर्ट आहे, आणि भोवती कादंबरीतले प्रसंग. हे चित्र लंडनच्या त्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र-संग्रहालयाने घेतलं. संग्रहालयाच्या जुन्या नियमाने पाहिलं तर रश्दी जिवंत होते म्हणून बाद. आणि कोणाचं चित्र, या तत्त्वाने घड्याळजी तर दारातूनच परत गेला असता. खक्कर 2003मध्ये बडोद्यातच वारला. तेरा वर्षांनी लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या काही समीक्षकांनी पुन्हा नाकं मुरडली.